उजव्या खुर्चीतला हुंकार

११ एप्रिल

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

मी सरांची विद्यार्थिनी. त्या दिवशी तुमच्याकडे येऊन गेले, पण दाराशीच उभी राहिले आणि तशीच परतले. गर्दीत तुम्ही मला पाहिलंही नसेल.

सर मला वर्षभर शिकवत होते. विमान चालवायचा साधा परवाना माझ्याकडे आधीच होता, पण तो बाहेरचं नीट दिसतंय तोवरचा. ढगात शिरलं की काचेबाहेर पांढऱ्याशिवाय काही उरत नाही. तिथं फक्त समोरच्या काट्यांवर भिस्त ठेवून विमान चालवायचं, आणि त्यासाठी इन्स्ट्रुमेंट रेटिंग नावाचा वेगळा परवाना लागतो. ते शिक्षण अर्ध्यावर असताना सर गेले.

विमानतळाच्या कचेरीत सगळे त्यांच्या शिस्तीबद्दल बोलत होते. मला वेगळंच आठवत होतं. मी काही बरोबर केलं की ते शाबास म्हणत नसत. उजव्या खुर्चीत बसून घसा जरासा खाकरायचे आणि 'हं' म्हणायचे. हेडफोनमधून तो हुंकार आला की मी पुढचं काम करायचे. खरं तर तो येईपर्यंत मी थांबूनच राहायचे.

तो हुंकार तुमच्या घरात कितीतरी वर्षं ऐकू आला असेल, आणि आता घर कसं वाटत असेल, या विचारानं लिहायला बसले. चुकलं असेल तर माफ करा.

सरांची विद्यार्थिनी


१९ एप्रिल

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

खाली नाव घालायचं विसरलीस, पण मी ओळखलं. तू ती टिटवी ना? आकाश पडेल म्हणून टिटवी पाय वर करून झोपते म्हणतात, तशी तू विमान धरून ठेवतेस असं हे सांगायचे. हातातलं चाक पिळून एखाद दिवशी पाणी काढेल ही मुलगी, म्हणायचे. तुला तोंडावर कधी टिटवी म्हणाले नसतील. शिष्यांना नावं ठेवायचा कार्यक्रम घरात, जेवताना.

हुंकाराचं म्हणशील तर इथंही तेच. पाहुणे येणार आहेत, हं. छत गळतंय, हं. तुला त्याचा अर्थ 'बरोबर आहे' असा लागला हे तुझं भाग्य. मला निम्म्या वेळा 'ऐकलंच नाही' असा लागायचा.

मी कानांच्या दवाखान्यात काम करते. बाहेरचा आवाज शिरणार नाही अशा खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. मी बारीक सूर वाजवते, ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. हे म्हणायचे, आपला दोघांचा संसार हेडफोनवर चालतो.

मला फोन करू नकोस. फोनवर मी माणसाचं म्हणणं ऐकायचं सोडून आवाजच तपासत बसते. त्यापेक्षा लिही. घरात सध्या जो तो हळू आवाजात माझ्याशी बोलतोय, जसं काही मलाच ऐकू येईनासं झालंय. तुझं पत्र बरं वाटलं. आता कोण शिकवतं तुला?

काकू


४ मे

प्रिय काकू,

टिटवी वाचून आधी हसले, मग बराच वेळ रडले.

आता एक बाई शिकवतात. आम्ही पाठीमागे त्यांना मौनीबाई म्हणतो. त्यांचं म्हणणं असं की परीक्षा तू देणार, पुढे ढगात एकटी तू जाणार, मग मी बोलून काय उपयोग. जिवावर बेतेल तेव्हाच मी हात घालीन, तोवर तुझं तू बघ. सर चूक व्हायच्या आधी बोलायचे. या चूक होऊ देतात आणि खाली उतरल्यावर विचारतात, काय झालं ते सांग. घोड्यासारखी झापडं लावून, बाहेरचं न बघता उडायचा सराव असतो. त्यात पहिले काही दिवस माझी पार दैना झाली.

आता लिहितेय ते कुणाला सांगू नका.

गेल्या आठवड्यात आम्ही खऱ्या ढगात शिरलो. ढगात आपलं शरीर आपल्याला फसवतं. सरळ बसलोय असं वाटतं आणि विमान हळूहळू कलंडत असतं. म्हणून शरीराचं ऐकायचं नाही, काट्यांचं ऐकायचं. मला हे पाठ आहे, पण त्या वेळी कुठल्या काट्याकडे आधी बघावं तेच सुचेना. तेवढ्यात हेडफोनमध्ये घसा खाकरल्याचा आवाज आला. मग 'डावा पंख'. मी पाहिलं, डावा पंख खरंच खाली झुकला होता. उचलला. 'हं.'

मी वळून पाहिलं. मौनीबाई तोंड मिटून समोर बघत होत्या.

काकू, तो आवाज सरांचा होता.

टिटवी


९ मे

चि. टिटवी,

कामाचं आधी लिहिते. त्या बंद खोलीत माझ्यासमोर रोज कुणी ना कुणी, मी सूर वाजवलेला नसताना बटण दाबतं. ती माणसं खोटारडी नसतात. शांतता फार झाली की कान स्वतःच काहीतरी पेरतो. ज्याला नापास व्हायची भीती असते त्याचा जास्त. तुझ्या मागे इंजिनाची घरघर, समोर परीक्षा आणि शेजारी मौनीबाई. असं व्हायचंच.

हे दवाखान्यातल्या बाईनं लिहिलं. आता मी लिहिते.

घसा एकदा खाकरला की दोनदा? 'डावा' म्हणताना 'डा' जरा ओढला का? माझ्याकडे त्यांचे फोटो पेटीभर आहेत. आवाज कुठेच नाही. मोबाईलवर ते 'येतो' नाहीतर 'उशीर' एवढंच लिहायचे. जिनं आयुष्यभर लोकांचे कान तपासले तिला स्वतःच्या माणसाचा आवाज धरून ठेवावा असं कधी सुचलं नाही. रात्री आठवायला बसले तर त्यांचं वाक्य आठवतं, आवाज माझाच येतो.

पुढच्या वेळी नीट ऐक. जे म्हणतील ते सगळं लिही.

काकू


२७ मे

प्रिय काकू,

'डा' ओढतात. घसा एकदाच खाकरतात.

आता ते प्रत्येक वेळी येतात. परवा तर म्हणाले, 'टिटवी, सैल सोड.' माझ्या अंगावर काटा आला. मी बोटं सैल सोडली आणि विमान असं काही स्थिर झालं की मौनीबाईंनीसुद्धा एकदा माझ्याकडे पाहिलं. मी आधी कधीच इतकं चांगलं उडवलं नव्हतं. उतरल्यावर बाई म्हणाल्या, काम नीट होतंय, पण प्रत्येक गोष्टीआधी तू क्षणभर अडतेस. कुणाला विचारतेस? मी म्हटलं, कुणाला नाही.

तुम्हाला मात्र खरं सांगते. माझी खोली एका लाँड्रीच्या वर आहे. दिवसभर खालची वाफ खिडकीवर साचते आणि बाहेरचं काही दिसत नाही. मी खुर्ची भिंतीकडे करून, डोळे मिटून हातांनी सराव करते. आता तिथंही आवाज येतो. काल जिना उतरताना आला. आज रस्ता ओलांडायला उभी होते, गाड्या थांबल्या, लोक पलीकडे गेले आणि मी काठावरच. सिग्नल पुन्हा बदलला तेव्हा लक्षात आलं की मी हुंकाराची वाट बघत होते.

हे तुम्हाला ऐकायला बरं वाटेल की वाईट, कळत नाही.

टिटवी


३० मे

चि. टिटवी,

बरं वाटलं. रस्त्याचं वाचून नाही वाटायला हवं होतं, पण वाटलं.

मला तुझ्याकडून एक हवंय. ते कसे गेले हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल, पण मी सांगते. सकाळी कामावर निघताना बाहेरच्या खोलीतल्या स्टुलावर बसून बूट घालत होते. मी स्वयंपाकघरात होते, नळ चालू होता. भांडी विसळून बाहेर आले तर ते भिंतीला टेकलेले, एका बुटाची नाडी बांधलेली, दुसऱ्याची हातात. डॉक्टर म्हणाले, काही मिनिटं गेली असतील.

त्या मिनिटांत त्यांनी मला हाक मारली का? उठता-बसता हाक मारायची सवय त्यांना. चष्मा सापडला तरी मारायचे, नाही सापडला तरी मारायचे. मी दिवसभर हेच ऐकत बसते, नळाच्या आवाजात काही होतं का ते.

तुला ते भेटतात. त्यांना विचार.

काकू


२४ जून

चि. टिटवी,

रागावलीस का? की मौनीबाईंचा वसा घेतलास?

विचारलं नसलंस तर नको विचारू. विचारलं असलंस तर जे असेल ते लिही. मी काही मेणाची नाही.

काकू


८ जुलै

प्रिय काकू,

रागावले नाही. पत्र लिहायला घेत होते आणि फाडत होते. तुम्हाला बरं वाटेल असं एक वाक्य लिहून मोकळं व्हावं असंही मनात आलं. पण आता जे झालं तेच सांगते.

ढगातून उतरताना एक उंची ठरलेली असते. तिथपर्यंत काट्यांच्या आधारानं खाली यायचं. तिथं धावपट्टी दिसली तर उतरायचं. नाही दिसली तर रेंगाळायचं नाही, सरळ वर जायचं. सगळ्या शिक्षणाचं सार म्हणजे ही एक जागा.

त्या दिवशी ढग खूप खाली होते. उतरताना मी मनात तुमचा प्रश्न घेऊन बसले होते. सर, तुम्ही काकूंना हाक मारली होती का? काटा ठरलेल्या उंचीवर आला. बाहेर पांढरं. मी थांबले. घसा खाकरला. 'हं.'

मी खाली जात राहिले.

मौनीबाईंचा हात माझ्या हातावर पडला, इंजिन ओरडलं आणि विमान वर खेचलं गेलं. त्या क्षणी ढगाची खालची कड फाटली आणि एका गोदामाचं छप्पर दिसलं. काकू, मला पत्र्यावरचा गंज दिसला.

खाली उतरल्यावर बाईंनी इंजिन बंद केलं. मग म्हणाल्या, जिवावर बेतेल तेव्हा हात घालीन म्हटलं होतं, आज घातला. आता सांग, तुला खाली जायला कुणी सांगितलं? मी सगळं सांगितलं. वाटलं, आता माझं उडणं बंद. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या,

"मलाही त्यांनीच शिकवलंय. बाकी सगळीकडे त्यांच्या सूचना आणि हुंकार चालू असायचे. पण त्या उंचीवर ते कधी हुंकार देत नसत. तिथं गप्प बसत. आठवून बघ."

मी आठवून बघितलं. खरं आहे. तिथं आलं की उजवी खुर्ची रिकामी असावी इतकी शांतता व्हायची. मला ती नेहमी चुकून राहिलेली जागा वाटायची.

आणखी एक. त्यांनी हयातीत मला कधी टिटवी म्हटलं नाही. तुमचं पत्र आल्यानंतरच त्या आवाजानं मला टिटवी म्हटलं.

मग माझ्या कानात इतके दिवस कोण बोलत होतं, ते मला माहीत नाही. लाँड्रीवरच्या खोलीत आता मी दिवा लावून झोपते. तुमच्या प्रश्नाला आलेलं उत्तर 'हं' असं आहे, आणि त्याच 'हं'नं मी बाईंसकट मरणार होते. ते उत्तर मी तुम्हाला देऊ शकत नाही.

टिटवी


२ ऑगस्ट

चि. टिटवी,

तुझं पत्र वाचून मी दवाखान्यात गेले आणि दुपारी कुणी नसताना त्या बंद खोलीत स्वतः जाऊन बसले. तिथं स्वतःच्या रक्ताचा आवाज ऐकू येतो. बाकी काही आलं नाही.

टिटवीचं मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. मी तुला पत्रातून नाव दिलं, ओढलेला 'डा' दिला, आणि तू तेच मला परत पाठवलंस. न वाजलेल्या सुराला बटण दाबणाऱ्यावर आम्ही रागवत नाही. पुढचा सूर वाजवायच्या आधी शांतता जरा लांबवतो, म्हणजे कान ताळ्यावर येतो. मी तुझ्या बाबतीत उलटं केलं. तुला आत बसवलं आणि बाहेरून दाब, दाब म्हणत राहिले.

मौनीबाईंचं खरं आहे. मी ही नोकरी धरू का असं विचारलं तेव्हा हे गप्प बसले होते. मी दोन दिवस अबोला धरला. माणसाला काही मतच नसावं का, म्हणून. मग धरली, आणि पहिल्या दिवशी दवाखान्याच्या फाटकापर्यंत सोडायला आले.

आता तुझी परीक्षा होईपर्यंत मी लिहिणार नाही. तूही लिहू नकोस. बाईंना सांग, अजून गप्प बसा.

काकू


६ सप्टेंबर

प्रिय काकू,

पास झाले.

मधले दिवस सोपे नव्हते. आवाज लगेच गेला नाही. बाईंनी एकच सांगितलं, आला तर येऊ दे, त्याला हाकलू नकोस. आधी काटे बघ, स्वतः ठरव, मग ऐक काय म्हणतोय ते. असं करता करता तो नेहमी माझ्यानंतर बोलायला लागला. मग पुटपुटायला लागला.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक उजवीकडे बसले होते आणि ढग पुन्हा खालीच होते. ठरलेल्या उंचीवर आले. बाहेर पांढरं. कुणी काही बोललं नाही. मी विमान वर घेतलं. हात थांबले नाहीत. वळून पुन्हा आले, आणि या वेळी पांढऱ्यातून दिव्यांची रांग वर आली, जणू कुणी पाण्यातून बाहेर काढली.

काल पहिल्यांदा ढगात एकटी गेले. उजव्या खुर्चीवर पट्टा बांधून ठेवला होता, रिकामा. खाली उतरून इंजिन बंद केल्यावर लक्षात आलं की आज मी ऐकलंच नाही, कुणी आलं होतं का ते. आणि मला खूप अपराधी वाटलं. सरांना मीच बाहेर काढल्यासारखं.

तुमच्यासाठी काही आणायला हवं होतं तिथून. काही नाही आणलं.

टिटवी


१२ सप्टेंबर

चि. टिटवी,

पेढे-बिढे राहू देत, माझं काम आहे तुझ्याकडे. वीस तारखेला, रविवारी सकाळी ये.

तुझ्या पत्रानंतर मला सुचलं की माझ्याकडेही काटे आहेत, मी मात्र आवाजाला विचारत बसले. मी स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहीन, त्या दिवशी होता तेवढाच. तू त्यांच्या स्टुलावर बसून हाक मार. काकू म्हणून नको. 'अगं, ऐकलंस का' अशी, ते मारायचे तशी. आणि खणखणीत नको, दमलेल्या माणसाला जमेल इतपत. ऐकू येतं की नाही ते एकदाचं बघू.

आवाज मोजायचं यंत्र आणणार होते. नको, कान पुरे.

काकू


२१ सप्टेंबर

प्रिय काकू,

काल घरी परत येईपर्यंत तीच हाक माझ्या तोंडात घोळत होती.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे पहिली हाक हळू मारली. मग जरा वाट बघून तशीच दुसरी. तुमची ओ आली नाही. मग मी उठून उभी राहिले आणि मोठ्यानं मारली. तरी नाही. आत आले तर तुम्ही नळाखाली हात धरून उभ्या होता, पाठमोऱ्या. मी विचारलं, ऐकू आलं का? तुम्ही वळून मान हलवली. नाही.

काकू, म्हणजे उत्तर मिळालं. त्यांनी हाक मारली असेल किंवा नसेल, तुम्हाला ती ऐकू येणं शक्यच नव्हतं. आता नळाच्या आवाजात काही शोधू नका. मला किती हलकं वाटतंय म्हणून सांगू. एवढं तरी मी तुमच्यासाठी करू शकले.

मौनीबाई आता मला शिकवायचं कसं ते शिकवणार आहेत. पुढच्या महिन्यापासून उजवीकडे मी बसणार.

टिटवी


२९ सप्टेंबर

चि. टिटवी,

मी मान हलवली तेव्हा तुझा चेहरा असा उजळला की मी तसंच राहू दिलं. पण जिनं मला त्या पत्र्यावरचा गंज सांगितला तिच्याशी खोटं नको.

मला पहिलीच हाक ऐकू आली. तुझी, हळू, सांगितली होती तशी. नळाच्या वरून अगदी स्पष्ट. 'ऐकलंस' मधला 'स'सुद्धा आला. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात आवाज असा येतो हे मी इतकी वर्षं रोज अनुभवलं होतं, फक्त मोजलं नव्हतं.

म्हणजे त्यांनी हाक मारली नाही. चष्म्यासाठी हाक मारणारा माणूस, त्या एका वेळी काही न बोलता गेला. वेळच मिळाला नाही, की मारावीशी वाटली नाही, ते कोणताच काटा सांगणार नाही आणि मी आता कुणाला विचारणारही नाही. हे तुझ्या उत्तराइतकं हलकं नाही. पण हे खरं आहे, आणि मला पेलेल.

मग ओ का दिली नाही, असं म्हणशील. त्या स्टुलावरून, त्या शब्दांत, कुणीतरी मला बोलावत होतं. ओ दिली असती तर तू हाक मारायची थांबली असतीस.

काकू